कन्सील्ड कॅरीसाठी (लपवून बाळगायला) छोटं पिस्तूल कुठलं घ्यावं? हाताला जोर कमी आहे

सांजवारा

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहिते ते बहुतेक लोणच्यांच्या नाहीतर बागेच्या धाग्यांवर, असला विषय पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या पुढे राहतो. गॅस स्टेशन आणि त्याला जोडून दुकान, एकोणीस वर्षं झाली. ह्यांची बायपास झाल्यापासून रात्रीचं बंद करणं माझ्याकडे आलंय. साडेअकराला पंपाचे दिवे घालवायचे, दाराला कुलूप लावायचं आणि कॅशची पिशवी घेऊन मागे गाडीपर्यंत जायचं, सत्तर-ऐंशी पावलं असतील. गेल्या महिन्यात तिथे कचऱ्याच्या मोठ्या डब्याआड दोघं उभे होते, त्यातला एक माझ्या दिशेने चालायला लागला, मी उलटी फिरले, आत शिरून दार लावलं आणि ९११ला फोन केला. पोलीस येईपर्यंत दोघं गायब. झालं काहीच नाही, पण तेव्हापासून ती सत्तर पावलं मी जीव मुठीत धरून चालते.

गेल्या शनिवारी एका गन शॉपमध्ये गेलो. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे बघितलं आणि मी काही बोलायच्या आत तळहाताएवढं एक पिस्तूल काढून ठेवलं, लेडीजना हेच बरं पडतं, पर्समध्ये मावतं म्हणाला. मला त्याची स्लाइडच, म्हणजे गोळी चढवायला ओढायचा वरचा सरकता भाग, मागे ओढता येईना. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे, बरणीचं झाकण फिरवताना सुद्धा कळ येते. तो म्हणाला सवयीने जमेल. हे म्हणाले रिव्हॉल्व्हर घे, स्लाइडची भानगडच नाही. मला दोन्ही पटलं नाही पण का पटलं नाही ते सांगताही येईना, म्हणून इथे विचारतेय.

आम्ही दोघं २०१६ पासून सिटिझन आहोत. वय ५३. घरात सतरा वर्षांचा मुलगा आहे. लपवून बाळगता येईल, माझ्या हाताला झेपेल आणि वेळ आली तर दगा देणार नाही असं काय घ्यावं?

ब्राझोसकाठ

सांजवाराताई, तुम्ही उलट्या फिरून दार लावून घेतलंत हे वाचून फार बरं वाटलं. कमरेला पिस्तूल आल्यावरही पहिलं हेच करायचंय, हे डोक्यात पक्कं असू द्या. आणि पिस्तूल घ्याल तेव्हा घ्याल, आजपासून गाडी मागे लावू नका, समोर दिव्याखाली, कॅमेऱ्यात येईल अशी लावा, आणि कॅश रात्री नेण्यापेक्षा दिवसा वेगवेगळ्या वेळी बँकेत टाका. याला एक पैसा खर्च नाही.

आता पिस्तुलाचं. मी चौदा वर्षं नेमबाजी करतोय आणि रेंजवर नवीन आलेल्या लोकांना हातभार लावतो, त्यात बायका भरपूर असतात, आणि जवळजवळ प्रत्येकीला दुकानात पहिल्यांदा सगळ्यात छोटं पिस्तूल दाखवलेलं असतं. पिस्तूल जेवढं छोटं आणि हलकं तेवढं ते चालवायला अवघड असतं. काडतूस तेच, त्याचा जोर तोच, पण तो जोर झेलायला वजन कमी, म्हणजे उरलेला सगळा धक्का तुमच्या मनगटाला आणि त्या अंगठ्याच्या मुळाला. शिवाय स्लाइड लहान आणि हलकी असली की तिला आवरायला आतली स्प्रिंग ताठ लागते. तुम्हाला ओढता आली नाही ती यामुळे, तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही, आणि काउंटरवरच्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं. मूठ आखूड म्हणून करंगळी हवेत लोंबकळते, नेम धरायच्या दोन साइट्समधलं अंतर कमी म्हणून नेमातली बारीक चूक पुढे मोठी होते. लपवायला सोपं आणि मारायला कठीण, असा हा सौदा आहे.

रिव्हॉल्व्हरचं तुमच्या मिस्टरांनी काळजीपोटीच सुचवलं असणार आणि त्यात अर्धं खरं आहे. उदाहरणार्थ स्मिथ अँड वेसनची ६४२ बघा, पाच गोळ्या, .३८ स्पेशल काडतूस, वजन साधारण सव्वाचारशे ग्रॅम, खिशात राहते, कपड्यात अडकणारा घोडा बाहेर नाही. पण तिचा चाप साधारण १२ पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, दर गोळीला, आणि ओढताना पिस्तूल हललं की गोळी भलतीकडे. ग्लॉकसारख्या पिस्तुलाचा चाप याच्या निम्म्याहून कमी असतो. आणि धक्का? पन्नास गोळ्या मारल्यावर माझाच हात झिणझिणतो, तुमचा अंगठा तर दहा गोळ्यांत नको म्हणेल, आणि जे दुखतं त्याचा सराव माणूस करत नाही, मग ते नुसतं ओझं होऊन कपाटात पडतं.

साइजचं थोडं सांगतो म्हणजे दुकानात कुणी गोंधळात पाडणार नाही. ग्लॉक १९, १९८८चं, याला कॉम्पॅक्ट म्हणतात, ४ इंची नळी, १५ गोळ्या, मारायला फार छान पण बारीक चणीच्या माणसाला लपवायला त्रास. त्याखाली सबकॉम्पॅक्ट. २०१८ मध्ये सिगचं पी३६५ आलं आणि सगळा बाजारच बदलला, कारण त्याआधी एवढ्या लहान, नाईन एमएम काडतुसाच्या पिस्तुलात सहा-सात गोळ्या मिळायच्या, याने त्याच आकारात दहा बसवल्या. मग २०१९ला स्प्रिंगफील्डचं हेलकॅट, २०२१ला स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस. ही सगळी उत्तम आहेत पण स्लाइड तुम्हाला जड जाईल. तुमच्यासाठी माझ्या डोक्यात पहिल्यापासून एकच आहे, स्मिथ अँड वेसनचंच शील्ड ईझी. .३८० मध्ये, म्हणजे नाईन एमएमपेक्षा हलक्या काडतुसात, २०१८ला आलं, नंतर नाईन एमएममध्येही. स्लाइड मुद्दाम हलकी ओढता येईल अशी केलीय, मॅगझीनला, म्हणजे गोळ्यांच्या पेटीला, बोटाने खाली दाबायची कड आहे म्हणजे गोळ्या भरताना अंगठा मोडत नाही, मुठीच्या मागे ग्रिप सेफ्टी आहे, म्हणजे मूठ घट्ट धरल्याशिवाय गोळी सुटत नाही, आठ गोळ्या. पी३६५पेक्षा मोठं आहे, जाडीला मात्र बरं.

पण माझ्या शब्दावर घेऊ नका. रेंजवर भाड्याने मिळतात, चार-पाच वेगवेगळी मारून बघा आणि मग ठरवा. चपलासुद्धा पायात घालून बघतो आपण.

तुंगभद्रा

छान माहिती. एक अवांतर प्रश्न, मी एच-१बीवर आहे, डॅलस. ऑफिसमधली मुलं शुक्रवारी रेंजवर जातात, मला पण बोलावतात. विकत घ्यायचं नाहीये, फक्त त्यांचं किंवा रेंजचं भाड्याचं घेऊन मारून बघितलं तर चालतं ना?

ब्राझोसकाठ

नाही, आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा कारण आपल्या लोकांत याबद्दल प्रचंड गैरसमज आहे.

टेक्सास काय म्हणतं ते बाजूला ठेवा, हा फेडरल कायदा आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला, म्हणजे एच-१बी, एच-४, एफ-१ सगळे, बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे, आणि रेंजवर तासाभरासाठी हातात घेणं हेसुद्धा त्यात येतं. मोठा अपवाद एकच, कुठल्याही राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स तुमच्याकडे पाहिजे. ते नसेल तर मित्रांबरोबर जा, काचेमागून बघा, कॉफी प्या आणि घरी या. गुन्हा फेलनी, म्हणजे गंभीर प्रकारचा आहे आणि ग्रीनकार्डच्या रांगेत दहा वर्षं उभ्या असलेल्या माणसाने एका शुक्रवारसाठी ती रांग घालवू नये, मी एका ओळखीच्या मुलाला अक्षरशः रेंजच्या दारातून परत पाठवलंय.

ग्रीनकार्ड मिळालं की ही बंदी उठते, टेक्सासचं एलटीसी, म्हणजे बंदूक बाळगायचा परवानाही मिळू शकतो. आणि एक, घरात एक जण सिटिझन आणि दुसरा एच-१बी असेल तर सिटिझनने दुसऱ्यासाठी म्हणून विकत घ्यायचं नाही, खरेदीच्या ४४७३ नंबरच्या फॉर्मवर खरा खरेदीदार मीच असं लिहून द्यावं लागतं, तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. तिजोरीची किल्ली किंवा कोडही व्हिसावाल्याकडे नसावा.

तुंगभद्रा

बापरे. बरं झालं विचारलं. शुक्रवारी जाणार होतो.

निर्झर

मी इमर्जन्सी रूममध्ये नर्स आहे, बावीस वर्षं. राज्य सांगत नाही. बंदुकीच्या जखमा घेऊन येणारे लोक मी रात्री-अपरात्री उचललेत, त्यामुळे हा धागा वाचून गप्प बसवत नाहीये. सांजवाराताईंची भीती मला कळते, बाईने रात्री एकटीने कॅश घेऊन चालणं काय असतं ते मी नाकारत नाही. पण तुम्ही सगळे गोळ्या आणि इंच मोजताय आणि ताईंनी शेवटच्या ओळीत लिहिलंय की घरात सतरा वर्षांचा मुलगा आहे, त्यावर कुणी एक शब्द काढला नाही.

या देशात २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. पिस्तूल घरात आणताना आपण बाहेरच्या चोराचा विचार करतो, आणि ते वापरलं जातं घरातल्याच कुणाच्या तरी वाईट रात्री. औषधाच्या गोळ्या खाल्लेला मुलगा आमच्याकडे येतो, पोटातून काढतो, समुपदेशन होतं, तो वाचतो, पुढे लग्नाची पत्रिका पाठवतो. बंदुकीवाला बहुतेक वेळा येतच नाही आमच्यापर्यंत.

आणि पर्स! २०१४च्या डिसेंबरच्या ३० तारखेला आयडाहोतल्या हेडनमध्ये वॉलमार्टमध्ये एका आईची पर्स ट्रॉलीत होती, शेजारी तिचा दोन वर्षांचा मुलगा, पर्सला पिस्तुलासाठी वेगळा चेनचा कप्पा होता. त्या बाळाने चेन उघडली. आई जागीच गेली, २९ वर्षांची होती. तिच्याकडे परवाना होता, सगळं कायदेशीर होतं. पर्समध्ये मावतं म्हणणाऱ्या त्या दुकानदाराला कुणीतरी हे सांगा.

सांजवारा

निर्झर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. रागावले नाही, उलट कुणीतरी हे म्हणावं असं मला आतून वाटत होतं.

मुलाची सिनियर इयर चालू आहे, कॉलेजच्या अर्जांचं टेन्शन आहे पण तो बोलतो, मित्र आहेत. मला काळजी वाटते ती यांची. बायपासनंतर दोन-अडीच महिने हे कुणाशी धड बोलत नव्हते, बागेत नुसते बसून असायचे, दुकानात यायचं नाव नाही. आता बरेच बरे आहेत. पण तुमचं वाचताना माझ्या डोळ्यासमोर मुलगा आला नाही, ते बागेतलं बसणं आलं. हे इथे लिहावं की नाही असं झालं होतं.

निर्झर

लिहिलंत ते फार चांगलं केलंत ताई. बायपासनंतर असं होणं अगदी कॉमन आहे, हार्टच्या डॉक्टरांना सांगा, ते विचारतात की नाही याची वाट बघू नका. आणि पिस्तूल घेणारच असाल तर माझी एकच विनंती, तिजोरीचा कोड फक्त तुमच्या डोक्यात. यांच्या नाही, मुलाच्या नाही, वाढदिवस नाही, लग्नाची तारीख नाही, दुकानाचा अलार्म कोड तर मुळीच नाही. त्यांना वाईट वाटेल. वाटू दे. तुम्ही घरी असताना ते कुठे आहे हे कायम तुम्हाला ठाऊक पाहिजे, एकतर अंगावर नाहीतर तिजोरीत, तिसरी जागा नाही.

ब्राझोसकाठ

निर्झर, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि मी पहिल्याच प्रतिसादात हे लिहायला हवं होतं, चूक माझी. टेक्सासच्या कायद्यात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं पिस्तूल ठेवणं गुन्हा आहे, ताईंचा मुलगा त्या वयाच्या बाहेर आहे, पण कायद्याची रेघ आणि घरातली रेघ वेगळी असते. पटकन उघडणारी छोटी तिजोरी, आतल्या बाजूने स्क्रूने पलंगाला किंवा कपाटाला कसलेली. आणि गाडीत रात्रभर कधीही ठेवू नका, काच फोडून नेलेली पिस्तुलं पुढे कुणाच्या हातात जातात ते आपण बातम्यांत वाचतोच.

पर्सबद्दल आणखी एक. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस सार्जंट डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की सुरा घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. दीड सेकंदात पर्सची चेन उघडून, चाव्या आणि रुमाल बाजूला सारून पिस्तूल हातात येत नाही. शिवाय चोर ओढतो ती पर्सच. अंगावर, कडक होल्स्टरमध्ये, चाप पूर्ण झाकलेला.

रारिटन

न्यूजर्सीहून. टेक्सासवाल्यांनी इकडे येताना काय सांभाळायचं ते लिहिते कारण इथल्या एडिसनला दर महिन्याला कुणाचं तरी लग्न नाहीतर मुंज असते आणि लोक ड्राइव्ह करून येतात. न्यूजर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचं परमिट मानत नाही. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाही नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०२२च्या ब्रुएन निकालानंतर इकडे राहणाऱ्यांना परमिट मिळणं सोपं झालं पण त्याने बाहेरच्या राज्याचं परमिट इथे चालत नाही, आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझीन बाळगणं हाच इथे गुन्हा आहे, म्हणजे ग्लॉक १९ बरोबर येणारं १५चं मॅगझीन रिकामं असलं तरी. १९८६च्या फेडरल कायद्याने राज्यातून नुसतं आरपार जाता येतं, गोळ्या काढलेलं आणि डिकीत कुलपात असेल तर, पण मुक्काम केलात की ते संरक्षण पातळ होतं. घरीच ठेवून या, मी घरच्यांनाही हेच सांगते.

सांजवारा

रारिटन, पुतणीचं लग्न तिकडेच आहे मे मध्ये! ठेवूनच येईन.

परवान्याचं कुणी सांगेल का? बिनपरवाना चालतं तर एलटीसीचा फायदा काय असं शेजारी विचारतात.

ब्राझोसकाठ

२०२१च्या १ सप्टेंबरपासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय बाळगता येतं हे खरं. तरी काढा. फी ४० डॉलर, वर्ग चार ते सहा तासांचा, आणि त्या वर्गात बाळगायचं कुठे नाही हे नीट कळतं. दुकानांच्या दारावरची, बंदूक आत आणू नका सांगणारी ३०.०६ आणि ३०.०७ची पाटी, बारची तशीच लाल ५१ टक्क्यांची पाटी, हे सगळं. दुसरं, फेडरल कायद्याने शाळेच्या हद्दीपासून १००० फुटांत बंदूक न्यायची नाही, राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे, आणि शहरात गाडी चालवताना १००० फुटांत शाळा न येणं अशक्य. तिसरं, शेजारच्या राज्यांत मानला जातो. शूटिंग टेस्ट घाबरण्यासारखी नाही, ५० गोळ्या, ३ यार्डांवरून २०, ७ वरून २०, १५ वरून १०, २५० पैकी १७५ मिळाले की पास.

पंचगंगा

कोल्हापूरहून वाचतोय. आमच्याकडे हा विषय किती वेगळा आहे हे जाणवलं म्हणून लिहितो. वडिलांकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं, पूर्वी ऊसतोडीचे पगार रोख वाटायला न्यावे लागायचे तेव्हा काढलेलं. शस्त्र कायदा १९५९चा, परवाना द्यायचा की नाही हे जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ठरवणार, आणि नाईन एमएम तर सामान्य माणसाला मिळतच नाही, तो प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेला. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनाऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. निर्भीक म्हणून बायकांसाठी हलकं .३२ रिव्हॉल्व्हर २०१४ला काढलं होतं सरकारी कारखान्याने, अर्ध्या किलोचं, किंमत लाखाच्या वर, सामान्य बाईला परवडणार कसं.

निवडणूक लागली की वडील ते जुन्या धोतराच्या तेलकट फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून ठाण्यात जमा करतात आणि पावती घेऊन येतात, ती पावती देवघरातल्या फोटोमागे. पस्तीस वर्षांत एकदाही झाडलेलं नाही. आता काढून टाका म्हणून मागे लागलोय मी.

ताई, इकडे येताना मात्र सांभाळून. तिकडून येणाऱ्यांच्या बॅगेच्या कोपऱ्यात एखादं विसरलेलं काडतूस सापडतं आणि विमानतळावरच शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, मग कोर्टात हेलपाटे. पासपोर्ट अडकतो ते वेगळंच.

खडूफळा

+१. अमेरिकेच्या विमानतळांवरसुद्धा हेच, २०२३ मध्ये टीएसएला, म्हणजे प्रवाशांची तपासणी करणाऱ्या सरकारी खात्याला, चेकपॉइंटवर ६,७३७ पिस्तुलं सापडली आणि त्यातली बहुतेक भरलेली. विसरलो म्हणतात सगळे.

.३८० की नाईन, यावर कुणी बोला ना. माझी बायको .३८० म्हणते, भाऊ म्हणतो ती खेळण्यातली गोळी.

ब्राझोसकाठ

तुमच्या भावाला सांगा, खेळण्यातली गोळी अशी काही वस्तू नसते. .३८० एसीपी १९०८चं, जॉन ब्राउनिंगचं, नाईन एमएम १९०२चं. दोन्हीत जोराचा फरक आहे, नाईन चांगलं आहे, आणि आताची हॉलो पॉइंट, म्हणजे आत शिरून फुलणाऱ्या गोळीची बनावट बघता त्याच्या वर जायचीही गरज उरलेली नाही. एफबीआयनेच हा फेरा मारलाय. १९८६ला मायामीच्या गोळीबारात त्यांचे दोन एजंट गेले, गोळी पुरेशी आत शिरली नाही असं ठरलं, मग १० एमएमकडे गेले, ते झेपेना म्हणून .४०, आणि तीसेक वर्षांनी फिरून नाईनवर आले कारण लोकांचा नेम त्यात चांगला लागतो आणि धक्का कमी.

तोच नियम खाली लावा. ज्याचा नेम .३८० मध्ये लागतो आणि नाईनमध्ये डोळे मिटतात त्याने .३८० घ्यावं. फक्त ते .३८० अगदी छोट्या पिस्तुलात नको, नाहीतर पुन्हा तोच धक्का, तीच ताठ स्प्रिंग. सरावाला साध्या गोळ्या घ्या, बाळगायला हॉलो पॉइंट, आणि ज्या बाळगणार त्यातल्या निदान शे-दोनशे त्याच पिस्तुलातून मारून बघा, एकही अडकता कामा नये. जुनं घेणार असाल तर कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर घालून रिकॉल आहे का, म्हणजे दोषामुळे परत मागवलंय का, ते बघायचं.

सांजवारा

पाच आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांना सांगायचं होतं.

रेंजवर दोन शनिवार गेले. पहिल्या दिवशी कानावर मफ्स घालूनसुद्धा शेजारच्या लेनमधल्या प्रत्येक आवाजाला मी दचकत होते, तिथल्या बाईंनी दहा मिनिटं नुसतं उभं केलं, म्हणाल्या आवाजाची ओळख होऊ दे. मग पाच पिस्तुलं मारली. ६४२ची तिसरी गोळी मारली आणि अंगठ्यातून कोपरापर्यंत कळ गेली, ठेवून दिली. हे बघत होते, काही बोलले नाहीत, पण घरी येताना गाडीत म्हणाले की मी उगाच सांगितलं. पी३६५ हातात फार गोड बसलं, नेम पण बरा लागला, पण स्लाइड चारातून दोनदाच ओढली गेली. ग्लॉक १९ने तर मला शूटर झाल्यासारखं वाटलं, सगळ्या गोळ्या एका पोळीएवढ्या जागेत, पण कमरेला लावून आरशात बघितलं तर कुर्ता कुबड आल्यासारखा.

शील्ड ईझीची स्लाइड बाईंनी शिकवली तशी ओढली, म्हणजे डाव्या हाताची चारी बोटं वरून घट्ट आवळायची, अंगठ्याचा उपयोगच करायचा नाही, आणि स्लाइड मागे ओढण्यापेक्षा उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. नळी समोर, बोट चापाबाहेर. पहिल्या फटक्यात ओढली गेली. मी तिथेच रडले. नाईन आणि .३८० दोन्ही मारून बघितलं, नाईनमध्ये तिसऱ्या मॅगझीनला हात दुखायला लागला, .३८० मध्ये सहा मॅगझीन मारली आणि अजून मारावंसं वाटत होतं. .३८० घेतलं. एकच त्रास झाला, हात थकला की मूठ सैल पडते, ग्रिप सेफ्टी पूर्ण दाबली जात नाही आणि चाप ओढला तरी काहीच होत नाही, त्यासाठी आता रोज बॉल दाबते आणि घरी रिकाम्या पिस्तुलावर दहा मिनिटं सराव, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून.

एलटीसीच्या टेस्टला २५० पैकी २२६.

होल्स्टर कडक प्लॅस्टिकचं, कमरेच्या आत, उजव्या बाजूला थोडं मागे. त्याला जाड पट्टा लागतो हे कुणी सांगितलं नव्हतं, साध्या पट्ट्यावर सगळं खाली लोंबतं. सलवारीवर जमणार नाही, जीन्स आणि वर सैल सुती कुर्ता, गुडघ्यापर्यंतचा, चिरा उंच असलेला, तो उजव्या हाताने एका झटक्यात वर करता आला पाहिजे. आरशासमोर शंभरदा केलं असेल. बसल्यावर टोचतं, दुकानाच्या स्टुलावर तर फारच, अजून सवय व्हायचीय.

कोड माझ्याचकडे. हे एक दिवस गप्प होते, मग स्वतःच म्हणाले, बरोबर आहे तुझं. त्याच आठवड्यात मी डॉक्टरांना बागेतल्या बसण्याचं सांगितलं, आता दर बुधवारी एका समुपदेशकाकडे जातात, निर्झर, हे तुमच्यामुळे. मागे दोन मोठे दिवे लावले, गाडी समोर लावते, कॅश दुपारी जाते. ती सत्तर पावलं आता वीसच उरलीत, आणि ती मी डोकं वर करून चालते.

निर्झर

ताई, बुधवारचं वाचून डोळ्यात पाणी आलं. बाकी पिस्तुलाबद्दल माझं मत तेच आहे, पण तुम्ही ज्या पद्धतीने केलंत तसं सगळ्यांनी करावं.

ब्राझोसकाठ

२२६! फार छान. स्टुलावर टोचत असेल तर होल्स्टरचा कोन थोडा बदलून बघा, स्क्रू असतात बाजूला, आणि पुढच्या महिन्यात त्याच कुर्त्यावर, त्याच जीन्सवर रेंजवर मारून बघा.

सांजवारा

पंचगंगा, तुमच्यासाठी खास लिहितेय. सासूबाईंना बघायला रविवारी मुंबईला निघतेय, मग मिरजेला. आज बॅग भरायला घेतली, रेंजला नेते तीच निळी कापडी बॅग विमानात हातात घ्यायची म्हणून. तुमचं आठवलं म्हणून उलटी करून झटकली, काही पडलं नाही. मग अस्तरात बोट घालून बघितलं, बाजूच्या खिशाला शिवणीत भोक पडलंय, आत काहीतरी गार लागलं. एक पितळी .३८०, पूर्ण भरलेलं.

ते तिजोरीत गेलं. बॅग मी गॅरेजमध्ये टांगली आणि मुलाची शाळेची जुनी घेतली.

पंचगंगा

वाचून अंगावर काटा आला. जॅकेटचे आणि पर्सचे खिसेही बघा ताई, आणि मिरजेला आलात की कळवा.